इंगर क्रिस्टेन्सन वाचताना पडणारे प्रश्न

डॅनिश कवयित्री इंगर क्रिस्टेन्सन यांच्याबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका ठिकाणी उत्तर दिलं असेल तर दुसरीकडे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडेमोड बघून छातीत धस्स होत असेल, तर ४ आणि ८ एवढेच प्रश्न आधी वाचावेत.

१. इंगर क्रिस्टेन्सन कोण? दोन ओळींत सांगा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या डॅनिश कवितेतलं बहुधा सर्वात मोठं नाव. जन्म १६ जानेवारी १९३५, युटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वायले या गावी. मृत्यू २ जानेवारी २००९, कोपनहेगनला. कवितेची मुख्य पुस्तकं मोजकीच आहेत: 'लूस' (उजेड, १९६२), 'ग्रेस' (गवत, १९६३), 'दे' (ते, १९६९), 'ब्रेव इ एप्रिल' (एप्रिलमधलं पत्र, १९७९), 'अल्फाबेट' (१९८१) आणि 'सोमरफुगलेदालन' (फुलपाखरांची दरी, १९९१). दोन ओळी मागितल्या होत्या, जास्त झाल्या. पण वर्षांमधली अंतरं बघा. 'दे'नंतर दहा वर्षं, 'अल्फाबेट'नंतर पुन्हा दहा वर्षं. दर दिवाळीला एक संग्रह काढणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

२. त्या २००९ मध्ये गेल्या. मग समकालीन कशा?

जन्म-मृत्यूच्या तारखा लावल्या तर नाहीत. पण 'अल्फाबेट'मध्ये आहे ते जग आपलंच आहे. झाडं, पाखरं, रसायनं, बॉम्ब, पानं झडवणारी विषं, आणि या सगळ्यांच्या मधोमध प्रेम करणारी माणसं. पर्यावरणावरची आजची युरोपीय कविता या पुस्तकाचं नाव घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. निबंधांचं पुस्तक तर इंग्रजीत २०१८ मध्ये आलं. माझ्या मते ज्या कवीची वाचकसंख्या अजून वाढते आहे, तो समकालीनच.

३. घरची परिस्थिती कशी होती? पोटापाण्याचं काय केलं?

वडील शिंपी. आई लग्नाआधी स्वयंपाकीण होती. वायलेत शाळा झाली, मग कोपनहेगन, मग ऑर्हूस. तिथे शिक्षक-प्रशिक्षण घेतलं आणि १९५८ मध्ये प्रमाणपत्र मिळालं. त्याच काळात 'वेदेकोर्न' या मासिकात कविता यायला लागल्या होत्या. नवोदित डॅनिश कवींची पहिली ओळख बहुतेक वेळा याच मासिकातून होते. १९५९ मध्ये कवी-समीक्षक पौल बोरुम यांच्याशी लग्न झालं, १९७६ मध्ये घटस्फोट. होल्बेक इथे १९६३-६४ मध्ये काही काळ शिकवलं आणि मग नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन.

शिंप्याच्या मुलीला मापाचं वेड असणारच, असं काही जण गमतीने लिहितात. वाक्य छान आहे, पण त्यावर सिद्धांत उभारू नये. त्यांच्या मापांची मुळं भाषाशास्त्रात, गणितात आणि संगीतात सापडतात (प्रश्न ६, ९ आणि ११).

४. सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू?

'अल्फाबेट'. आणि मोठ्याने वाचा. पहिल्या पानावर एकच ओळ आहे: जर्दाळूची झाडं आहेत, जर्दाळूची झाडं आहेत. बस्स. दुसऱ्या भागात दोन ओळी, तिसऱ्यात तीन. दहा मिनिटांत तुम्ही पुस्तकाच्या आत शिरलेले असता आणि एकही अवघड शब्द आडवा आलेला नसतो. सुनितांची, म्हणजे चौदा ओळींच्या सॉनेटची, आवड असेल तर 'फुलपाखरांची दरी' घ्या (प्रश्न १०). 'दे' मात्र पहिल्या फटक्यात घेऊ नका. ते थोर पुस्तक आहे, पण आधी बाईंच्या चालीची सवय व्हावी लागते.

५. 'अल्फाबेट'मध्ये नेमकं आहे काय? नुसती यादी वाटते.

यादीच आहे. प्रत्येक भागाला एक अक्षर आणि त्या अक्षराने सुरू होणाऱ्या गोष्टी. डॅनिशमध्ये 'ए'ने जर्दाळू येतो. 'बी'च्या दोन ओळींत नेचे, ब्लॅकबेरी, ब्रोमिन आणि हायड्रोजन. 'सी'मध्ये रातकिड्यांसारखेच किरकिरणारे सिकाडा, चिकोरी, क्रोमियम, लिंबाची झाडं, देवदार, सरूची झाडं आणि मध्येच मेंदूचा एक भाग. 'डी'मध्ये पारवे, स्वप्नं पाहणारे, बाहुल्या, आणि मारेकरी.

इथे थांबून बघा. मारेकऱ्यांसाठी आवाज चढवलेला नाही. पारवे आहेत तसेच मारेकरीही आहेत. सगळ्यांना एकच क्रियापद: 'आहे', 'आहेत'. पुस्तकभर हे क्रियापद टाळासारखं वाजत राहतं. पुढे 'जे'मध्ये जूनची रात्र येते, 'के'मध्ये प्रेम. जूनमध्ये तिकडे रात्री नीट अंधारही पडत नाही, हे ठाऊक असलं तर तो भाग जास्त उजळतो.

६. ओळींची संख्या फिबोनाचीच्या मालिकेवर आहे म्हणतात. ही मालिका तर आपल्याकडचीच ना?

दोन्ही गोष्टी खऱ्या, पण त्यांचा एकमेकांशी संबंध जोडताना जपून.

आधी 'अल्फाबेट'. भागांच्या ओळी अशा वाढतात: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९... आधीच्या दोहोंची बेरीज म्हणजे पुढची संख्या. म्हणून पुस्तक हळूहळू चालायला लागतं आणि मग हाताबाहेर जातं. नवव्या भागात ५५ ओळी, तेराव्यात ३७७.

आता आपल्याकडचं. ज्यांनी शाळेत मात्रावृत्तं मोजली आहेत त्यांनी वही-पेन घ्यावं. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. एका मात्रेची जागा भरायची रीत एकच: ल. दोन मात्रांच्या दोन: लल, ग. तीन मात्रांच्या तीन: ललल, लग, गल. चार मात्रांच्या पाच: लललल, ललग, लगल, गलल, गग. पाच मात्रांच्या आठ निघतात, करून बघा. कारण साधं आहे. शेवटचं अक्षर लघू असेल तर मागे एक मात्रा कमी उरते, गुरू असेल तर दोन कमी. म्हणजे मागच्या दोन उत्तरांची बेरीज. छंदःशास्त्रात हे विरहांकाने मांडलं आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने. पिसाच्या लिओनार्दोचं, म्हणजे फिबोनाचीचं, सशांच्या जोड्यांचं गणित १२०२ मधलं. आपली मालिका १, २, ३, ५ अशीच सुरू होते, 'अल्फाबेट'ही तशीच. त्यामुळे मराठी वाचकाला हा सांगाडा परका वाटायचं काही कारण नाही.

पण म्हणून क्रिस्टेन्सन यांनी हेमचंद्राकडून हे उचललं, असं फॉरवर्ड पुढे ढकलू नका. ही मालिका निसर्गात सापडते, लीकची पात आतून बाहेर गुंडाळत जाते त्यातही ती आहे, हे त्यांना भावलं होतं. आपल्याकडे ती कवितेच्या मोजणीतून निघाली, त्यांनी ती निसर्गातून कवितेत आणली.

७. अणुबॉम्ब कुठून आला? ही राजकीय कविता आहे का?

'ए'मधूनच आला. पहिल्या ओळीत जर्दाळूचं 'ए', पुढे अणुबॉम्बचंही 'ए'. 'बी'चं तर आणखी जवळून बघण्यासारखं आहे. डॅनिशमध्ये हायड्रोजनला 'ब्रिन्त' म्हणतात. दुसऱ्या भागात तो नेचे आणि ब्लॅकबेरीशेजारी निमूट बसलेला असतो. आपण पुढे जातो. बऱ्याच पानांनंतर 'ब्रिन्तबॉम्ब' येतो, हायड्रोजन बॉम्ब, आणि तेव्हा कळतं की तो सुरुवातीपासून घरातच होता.

हिरोशिमा आणि नागासाकीचा उल्लेख तारखांसह येतो: ६ ऑगस्ट १९४५, ९ ऑगस्ट १९४५. मृत आणि जखमींचे आकडे कवितेच्या ओळीत तसेच ठेवले आहेत. हे पुस्तक १९८१ चं आहे, युरोपात अण्वस्त्रांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरत होते तेव्हाचं. राजकीय म्हणायचं तर म्हणा. घोषणा मात्र एकही नाही. जे आहे त्याची नोंद करत जायचं, आणि जे नष्ट होऊ शकतं त्याच्या शेजारीच नष्ट करणारंही लिहायचं, एवढंच.

८. इतक्या हिशेबाने लिहिल्यावर भावना कुठे उरते?

सर्वात जास्त येणारा प्रश्न, आणि थोडा रागानेच विचारला जातो. आपल्याकडे कविता उत्स्फूर्त हवी असं शाळेपासून कानावर पडलेलं असतं. पण ज्ञानेश्वरांची ओवी, तुकोबांचा अभंग, मोरोपंतांची आर्या हे सगळं मापातच आहे. मापामुळे त्यातला कळवळा कमी झाला असं कुणी म्हणत नाही.

क्रिस्टेन्सन यांच्याबाबत मला उलटं वाटतं. सगळं जग नष्ट होण्याची भीती ही इतकी मोठी गोष्ट आहे की तिच्यावर थेट लिहायला गेलं तर एकतर आक्रोश होतो, नाहीतर भाषण. नियम हाती असला की कवीला पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते ठरलेलं असतं, आणि त्या आधाराने ती भीतीच्या अगदी काठापर्यंत जाऊ शकते. शिवाय नियम अशा वस्तू आणून समोर ठेवतो ज्या कवीने आपणहून निवडल्या नसत्या. ब्रोमिन घेऊन कोण शोककाव्य लिहायला बसतं?

कविता हा एक खेळ आहे, कदाचित शोकात्म खेळ, आणि जगही आपल्याशी स्वतःचा खेळ खेळत असतं, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. भाषा त्यांना निसर्गाच्या बाहेरची वाटत नव्हती. झाडाला पानं फुटतात तसे माणसाला शब्द फुटतात, हा त्यांच्या निबंधांतला धागा आहे.

९. 'दे' हे पुस्तक एवढं गाजलं कशामुळे? आणि त्याची रचना समजावून सांगाल का?

गाजलं कारण १९६९ साल होतं. सत्ता, वेडेपण, शरीर, भीती, प्रेम या सगळ्यावर एक तरुण बाई दोनशेहून जास्त पानांचं एकच काव्य लिहिते, आणि त्यातल्या ओळी लोकांच्या तोंडी बसतात. भाषेची क्षमता माणसात उपजतच असते हे भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचं म्हणणं त्यांनी त्या काळात वाचलं होतं, त्याचाही या पुस्तकाला मोठा आधार आहे.

रचना तीन भागांची: प्रोलोगोस (उपोद्घात), लोगोस (शब्द), एपिलोगोस (उपसंहार). प्रोलोगोस म्हणजे सृष्टीच्या उत्पत्तीची कथा. 'ते' सुरू झालं, पसरलं, वेगवेगळं झालं. त्याचे आठ टप्पे आहेत आणि प्रत्येकात ६६ ओळी. पहिल्यात ६६ ओळींचा एकच ठोकळा. दुसऱ्यात ३३ ओळींचे दोन. मग २२ चे तीन, ११ चे सहा, ६ चे अकरा, ३ चे बावीस, २ चे तेहतीस, आणि शेवटी एकेका ओळीचे ६६ तुकडे. वाचत जाताना पानावरचं पांढरं वाढत जातं. अखंड वस्तुमानातून सुटत सुटत शेवटी एकेकटी माणसं उरतात. आशयात जे घडतं तेच पानावर डोळ्यांना दिसतं. हे एकदा लक्षात आलं की 'रचना' हा शब्द कोरडा वाटत नाही.

लोगोसमध्ये मंच, कृती आणि संहिता असे तीन विभाग. प्रत्येकात आठ उपविभाग आणि प्रत्येकी आठ कविता. उपविभागांची नावं 'सममिती', 'सातत्य', 'विस्तार' अशा थाटाची. ती विगो ब्रॉन्दाल या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने शब्दयोगी अव्ययांवर जो सिद्धांत मांडला त्यातून घेतली आहेत. 'मध्ये', 'वर', 'पासून', 'पलीकडे' अशा शब्दांतून वस्तूंची एकमेकांशी नाती कशी ठरतात, हा त्याचा विषय. पहिल्या वाचनात हे सगळं विसरलात तरी काही बिघडत नाही.

१०. 'फुलपाखरांची दरी'ला सुनितांचा हार का म्हणतात?

कारण पंधरा सुनितं एकमेकांत ओवलेली आहेत. पहिल्या सुनिताची शेवटची ओळ हीच दुसऱ्याची पहिली ओळ, दुसऱ्याची शेवटची ती तिसऱ्याची पहिली. चौदाव्याची शेवटची ओळ फिरून पहिल्याच्या सुरुवातीला येऊन मिळते. दामयमक ज्यांना माहीत आहे, म्हणजे चरण संपताना आलेली अक्षरं पुढच्या चरणाच्या आरंभी पुन्हा येणं, त्यांनी तीच कल्पना अक्षरांऐवजी अख्ख्या ओळीवर लावून बघावी. पंधरावं सुनीत तर चौदा सुनितांच्या पहिल्या ओळी क्रमाने लावूनच तयार होतं. म्हणजे त्यात नवीन ओळ एकही नाही, तरी ते स्वतंत्र कविता म्हणून उभं राहिलं पाहिजे. लिहिणाऱ्याची झोप उडवणारा प्रकार आहे.

दरी खरी आहे, मॅसेडोनियातली ब्रायचिनो. भर दुपारच्या उष्ण हवेत फुलपाखरं वर उठताना दिसतात आणि तिथून बालपण, गेलेली माणसं, मृत्यू. पुस्तकाचं उपशीर्षकच 'एक रेक्विएम' आहे, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना. काही फुलपाखरांच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. शत्रूला घाबरवण्यासाठी निसर्गाने दिलेले ते खोटे डोळे. कवितेच्या अखेरीस त्या डोळ्यांतून मृत्यू आपल्याकडे बघतो. २००६ मध्ये डॅनिश सरकारने निवडलेल्या सांस्कृतिक ठेव्याच्या यादीत या पुस्तकाचा समावेश झाला.

११. त्यांनी गद्य लिहिलं का?

लिहिलं. दोन कादंबऱ्या ('एविगहेड्समस्कीनन', १९६४ आणि 'अझोर्नो', १९६७) आणि 'द मालेदे वेरेल्से' (रंगवलेली खोली, १९७६). शेवटचं पुस्तक मान्तुआच्या राजवाड्यात आंद्रेआ मान्तेन्याने भित्तिचित्रांनी भरून टाकलेल्या खोलीवर आहे, तीन वेगवेगळ्या निवेदकांनी सांगितलेलं. 'अझोर्नो'त कोण कुणाला लिहितंय हेच सारखं निसटत राहतं. ज्यांना तसली गंमत आवडते त्यांनाच मी ते सुचवेन. निबंध मात्र सर्वांनी वाचावेत. नाटकं, नभोनाट्यं आणि मुलांसाठीची पुस्तकंही आहेत.

'एप्रिलमधलं पत्र' गद्यात मोडत नाही, पण नावामुळे बरेच जण तसं समजतात. ती कविताच आहे. चित्रकार योहाना फॉस यांच्या रेखाटनांसोबत केलेली, आणि तिच्या मागे फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ यांच्या क्रमबदलांच्या पद्धतीचं बोट धरलेलं.

१२. इंग्रजीतून वाचायचं तर कुणाचा अनुवाद?

कवितेसाठी सुझाना नीड. 'अल्फाबेट', 'दे', 'फुलपाखरांची दरी', सुरुवातीचे दोन संग्रह आणि निबंध हे सगळं त्यांनीच केलं आहे. 'अझोर्नो' आणि 'रंगवलेली खोली' डेनिस न्यूमन यांनी. जर्मन येत असेल तर हान्स ग्र्योसेल यांचे अनुवाद बघा. जर्मनीत बाईंना मोठा वाचकवर्ग मिळाला त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

अक्षरांचं काय होतं, हे लगेच विचारलं जातं. जर्दाळू, ब्रोमिन, सिकाडा इंग्रजीतही त्याच अक्षरांवर बसतात, त्यामुळे नीड यांचं नशीब बरं. 'ब्रिन्त' मात्र इंग्रजीत 'एच'वर जातो, त्यामुळे प्रश्न ७ मधला धागा तिथे जरा सैल पडतो.

१३. नोबेल का मिळालं नाही?

नाव वर्षानुवर्षं चर्चेत असायचं. स्वीडिश अकादमीचाच नॉर्डिक पुरस्कार १९९४ मध्ये मिळाला, त्याच वर्षी ऑस्ट्रियाचा युरोपीय साहित्यासाठीचा राज्य पुरस्कार, आणि २००६ मध्ये जर्मनीतला झिगफ्रीड उन्सेल्ड पुरस्कार. २००९ च्या जानेवारीत त्या गेल्या आणि विषय संपला, कारण नोबेल मरणोत्तर जाहीर होत नाही.

१४. डॅनिश वर्णमालेत २९ अक्षरं आहेत. मग 'अल्फाबेट' 'एन'वरच का थांबतं?

एक उत्तर व्यावहारिक. 'एन' चौदावं अक्षर. नियमाप्रमाणे त्याचा हिस्सा ६१० ओळींचा. पुढच्या 'ओ'ला ९८७ लागल्या असत्या आणि २९ व्या अक्षरापर्यंत गेलं तर एकट्या त्या भागाला आठ लाखांहून जास्त ओळी. कागदच पुरला नसता.

दुसरं उत्तर गणिताकडून येतं. तिथे 'एन' म्हणजे कुठलीही पूर्ण संख्या, म्हणजे मालिका इथून पुढे हवी तितकी वाढू शकते. तिसरं उत्तर कवितेच्या आत आहे. शेवटच्या भागात जळून गेलेल्या शेतांच्या मुलखात मुलांचा एक घोळका गुहेत आसरा शोधतो. ज्या जगात हे घडलं तिथे वर्णमाला 'झेड'पर्यंत नेऊन पूर्ण झाल्याचा आव आणणं मला तरी खोटं वाटलं असतं. समीक्षक या तिन्हींवर भांडतात. मी तिसऱ्याच्या बाजूचा.

१५. 'एच'च्या भागात 'एच'शिवाय इतर अक्षरांचे शब्द दिसले. मग नियम मोडला का?

नाही. नियम भागाच्या सुरुवातीला आणि मुख्य शब्दांना लागतो. पहिल्या चार-पाच भागांत ओळी कमी असल्याने जवळजवळ प्रत्येक नाम त्या अक्षराचं असतं, आणि वाचक तीच सवय पुढे नेतो. भाग लांबत जातात तशी अक्षराची पकड ढिली होते. वाक्यं मोठी होतात, माणसं, आठवणी, हवामान आत शिरतं. 'जे'च्या मुक्कामापर्यंत आलात की अक्षर शोधायचं सोडून द्या, ओळींचा ताल धरा. मागच्या भागांतल्या गोष्टीही परत येत राहतात. जर्दाळूची झाडं पुन्हा भेटली तर पान चुकलं असं समजू नका.